साडेसातचं पाळणाघर

समजा, ठाण्यातल्या कासारवडवलीतलं पाळणाघर संध्याकाळी साडेसातला बंद होतं. आई नवी मुंबईत महापे एमआयडीसीत, बाबा मुंबईत बीकेसीत. महाप्याहून सहाला निघालं की आधी बस किंवा शेअर रिक्षा, मग कोपरखैरण्याहून ठाण्याची लोकल, ठाण्याला पुलावरची गर्दी, मग टीएमटीची बस, आणि कापूरबावडीपासून पुढे सगळं रस्त्याच्या मर्जीवर. प्रवासाचे चार तुकडे आहेत. प्रत्येक तुकड्यात पाच मिनिटं सांडली की वीस मिनिटं गेली, आणि साडेसातचं पाळणाघर गेलं.

नोकरी करणाऱ्या आईबापांच्या मानसिक स्वास्थ्याचा विषय निघाला की बोलणं लगेच ध्यान, सकारात्मक विचार, छंद याकडे वळतं. मला आधी या वीस मिनिटांबद्दल बोलायचं आहे. दिवसाला सवडच ठेवलेली नसेल तर कितीही समजूतदार जोडपं असो, ते संध्याकाळी सव्वासातला फोनवर भांडणार. ते भांडण प्रेमाचं किंवा संस्कारांचं नसतं, ते वेळापत्रकाचं असतं. म्हणून दुरुस्तीही तिथूनच सुरू करावी.

पहिलं काम मोजण्याचं. दहा कामाचे दिवस, ऑफिसच्या दारापासून पाळणाघराच्या दारापर्यंत लागलेली मिनिटं मोबाइलमध्ये नोंदवा. उदाहरणार्थ: ७०, ७५, ७२, ८०, ७४, ११०, ७८, ७३, ९५, ७६. सरासरी ८० येते, आणि जवळजवळ सगळे सरासरीवर बेत आखतात. इथेच चूक होते, कारण सरासरी धरून निघालं तर दहातले दोन दिवस उशीर ठरलेलाच, म्हणजे आठवड्याला एक. सरासरी सोडा आणि दुसऱ्या क्रमांकाचा वाईट दिवस धरा, इथे ९५. पंधरा मिनिटं आधी निघायचं, एवढंच. उरतो तो एकच दिवस, ११० मिनिटांचा, आणि त्यासाठी दुसरा माणूस लागतो: शेजारच्या काकू, इमारतीतलं दुसरं पालक-जोडपं किंवा जवळ राहणारी मावशी. त्या व्यक्तीचं नाव आणि फोन नंबर पाळणाघरात लेखी दिलेला हवा. ऐनवेळी फोनवरून ‘त्यांच्याकडे द्या’ म्हटलं तर कुठलंही चांगलं पाळणाघर मूल देत नाही, आणि देऊही नये.

पाळणाघर घराजवळ घ्यावं की ऑफिसजवळ? मूल अंगावर पीत असेल तर ऑफिसजवळ. पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. ही तरतूद मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने आली. सोय ऑफिसच्या आवारातच असली पाहिजे असं नाही, ठरावीक अंतरातली चालते, म्हणून ‘आमच्याकडे जागा नाही’ हे उत्तर पुरेसं नाही. वर्षापुढच्या मुलासाठी मात्र मी घराजवळचंच सुचवेन. संध्याकाळच्या गर्दीत दोन वर्षांचं मूल कडेवर घेऊन ठाण्याला उतरणं ही रोजची गोष्ट होऊ शकत नाही. शिवाय घराजवळ असलं की आई, बाबा, आजी, शेजारी, कोणीही आणू शकतं. ऑफिसजवळ असलं की ते काम कायमचं एकाच माणसाच्या गळ्यात.

बाळंतपणाच्या रजेचं थोडक्यात: पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, त्यातले जास्तीत जास्त ८ प्रसूतीच्या आधी घेता येतात. खाजगी नोकरीतल्या बाबांना कायद्याने अशी रजा नाही, केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १५ दिवस मिळतात. म्हणून बाबांनी साठवलेली रजा नीट वापरायला हवी. बहुतेक जण ती सगळी बाळ जन्मल्यावरच्या पहिल्या दहा दिवसांत संपवतात, जेव्हा घर आज्या, आत्या, माम्या यांनी भरलेलं असतं. निम्मी रजा मागे ठेवा आणि आई ऑफिसला परतते त्या आठवड्यात काढा. बाळ नव्या जागी रडतं, बाटली नाकारतं, आईचं दूध ऑफिसात भरून येतं, रात्री कोणी झोपत नाही. बाबांची खरी गरज त्या आठवड्यात असते.

दूध काढून ठेवणार असाल तर परतण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सवय सुरू करा. ऑफिसात साधारण दर तीन तासांनी काढावं लागतं. अंतर वाढलं की गाठी होतात आणि दूधही आटत जातं. काढलेलं दूध २५ अंशांच्या आसपास चार तास टिकतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात त्या चार तासांवर विसंबू नका. बर्फाच्या पॅकसह इन्सुलेटेड पिशवीत ते २४ तास राहतं, फ्रिजमध्ये चार दिवस. फ्रिजच्या दारात ठेवू नका, आत मागच्या बाजूला ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं तर मध्येच कढत राहतं आणि बाळाचं तोंड भाजतं. कोमट पाण्याच्या वाटीत बाटली धरायची.

आता डोक्यातल्या यादीकडे येते, कारण मन सगळ्यात जास्त तिथेच झिजतं. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्या कामातला वेळ दिवसाला २९९ मिनिटं निघाला आणि पुरुषांचा ९७. पण हे हातांनी केलेलं काम झालं. लक्षात ठेवण्याचं काम यात मोजलेलंच नाही. लसीची तारीख कधी, गणवेशाची पँट आखूड झाली, डब्याला उद्या काय, दूधवाल्याचे किती दिले, शुक्रवारी वाढदिवसाला भेट न्यायची आहे. रात्री साडेनऊला शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘उद्या पिवळा ड्रेस’ असा मेसेज येतो. तो ज्याच्या फोनवर येतो, त्याच्याच डोक्यावर पिवळा ड्रेस.

म्हणून कामं वाटताना तुकडे वाटू नका, अख्खं काम द्या. ‘लसीकरण’ हे एक काम आहे: तारीख लक्षात ठेवणं, डॉक्टरांची वेळ घेणं, अर्धा दिवस रजा टाकणं, लसीचं कार्ड पिशवीत घालणं, सुई टोचताना मांडीवर धरणं आणि त्या रात्री ताप आला तर उठणं. हे सगळं एकाकडे. ‘मला सांग, मी करतो’ म्हणणारा नवरा मनाने चांगला असतो, पण सांगण्याचं काम बायकोकडेच राहतं, म्हणजे मुळातलं ओझं हललंच नाही. शाळेचा ग्रुप बाबांकडे गेला तर आईने त्यातून बाहेर पडावं. दोघंही राहिले की महिन्याभरात ते काम परत तिच्याकडे येतं. आणि शाळेच्या, पाळणाघराच्या फॉर्मवर पहिला फोन नंबर कोणाचा आहे ते बघा. मुलाला ताप आला की शिक्षिका पहिल्या नंबरला फोन करते, दुसऱ्यापर्यंत सहसा जातच नाही. क्रम बदलला की अर्धे फोन आपोआप बदलतात.

वाटणी मोडते ती बहुधा दोन कारणांनी. एक, ती रात्री अकराला भांडणाच्या भरात ठरते, सकाळी कोणालाच नीट आठवत नाही. दुसरं, नवीन माणसाचं काम जुन्या माणसाला पसंत पडत नाही. डब्यात भाजी जास्त, पोळी कमी, केसांचा भांग वाकडा, आणि मग ‘राहू दे, मीच करते’. सहा आठवडे हात लावायचा नाही असं ठरवा. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तेवढंच बोला.

रविवारी संध्याकाळी वीस मिनिटं दोघांनी बसावं, टीव्ही बंद, फोन फक्त कॅलेंडरपुरता. तीनच गोष्टी: या आठवड्यात कोणाचे उशिराचे दिवस कोणते, रोज मुलाला कोण आणणार, आणि या आठवड्यात काय करायचं नाही. तिसरी गोष्ट लोक गाळतात, आणि तीच सवड देते. लांबच्या नात्यातलं बारसं, दिवाळीआधीची माळ्याची सफाई, घरीच केलेला केक, यातलं काहीतरी दर आठवड्याला खोडता यायला हवं. आणणाऱ्याचं नाव भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकोनात लिहा. फोनमधलं कॅलेंडर आजी बघत नाही, भिंतीवरचं सगळे बघतात.

आजी-आजोबांबद्दल जपून बोलायला हवं. गावाहून सहा महिन्यांसाठी आलेली साठीपुढची बाई सकाळी आठ ते रात्री आठ दोन वर्षांच्या नातवामागे धावते, तेव्हा ती बारा तासांची ड्यूटी करत असते. तिचे गुडघे, तिचं बीपी, तिची मैत्रिणींवाचून झालेली चौदाव्या मजल्यावरची अडचण, हे बोललं जात नाही आणि मग रुसव्याच्या वाटेने बाहेर येतं. अर्धा दिवस पाळणाघर आणि अर्धा दिवस आजी ही जोडी मला सगळ्यात टिकाऊ वाटते. तिला आठवड्याची सुट्टी नेमून द्या, आणि ती तिने मागायच्या आधी द्या: ‘आई, मंगळवारी तुम्ही भजनाला जात जा. त्या दिवशी आम्ही सातपर्यंत पाळणाघर ठेवलंय, मी येताना घेऊन येईन.’ नुसतं ‘दमला असाल तर सांगा हं’ म्हटलं तर ती कधीच सांगणार नाही.

आजारपणाचे दिवस हे दुसरं ठरलेलं भगदाड. पाळणाघराच्या पहिल्या वर्षात मूल वरचेवर आजारी पडतं, सर्दी-ताप आठ-दहा वेळा झाला तरी ते बहुधा नेहमीचंच असतं. म्हणून दोघांच्या मिळून आठ-दहा रजा त्यासाठी बाजूला ठेवा. गणपतीला गावी जाण्यात सगळी रजा संपली की नोव्हेंबरात पंचाईत होते. औषधाशिवाय पूर्ण २४ तास ताप नसेल तरच मूल परत पाठवायचं. सकाळी सिरप पाजून सोडलेलं मूल अकराला तापतं, आणि तेव्हा ऑफिसातून निघणं सकाळी थांबण्यापेक्षा जास्त महाग पडतं. रजा कोणी टाकायची हा वाद सकाळी सातला घालायचा नाही. सम तारखेला बाबा, विषम तारखेला आई, असं आधीच ठरवलं की पगार कोणाचा जास्त हा प्रश्न दर वेळी मध्ये येत नाही. पावसाळ्यात गाड्या बंद पडतात त्या दिवसासाठी वेगळा नियम: मुलाच्या सगळ्यात जवळ जो असेल तो निघतो, आणि ठाण्याच्या पलीकडे नोकरी असणाऱ्याने भरतीची वेळ आणि पावसाचा इशारा सकाळीच बघायचा.

ऑफिसात मागणी करताना ‘जरा फ्लेक्सिबल हवं आहे’ म्हणू नका. त्याला ‘बघू’ हेच उत्तर मिळतं. असं मागा: ‘मॅडम, मंगळवारी आणि गुरुवारी मी साडेपाचला निघेन, रात्री साडेनऊ ते साडेदहा लॉगिन करेन. क्लायंटचा कॉल सोमवारी किंवा बुधवारी ठेवू. चार आठवडे करून बघू, मग तुम्ही ठरवा.’ दिवस, तास आणि मुदत तिन्ही सांगितलं की समोरच्याला हो म्हणणं सोपं जातं. बोलणं झालं की त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाका. मॅनेजर बदलला की तोंडी ठरलेलं सगळं पुसलं जातं.

ऐरोली, घणसोली, महापे भागात रात्रपाळी करणारे आईबाप खूप आहेत. त्यांच्यासाठी झोपेचे दोन तुकडे करणं व्यवहार्य असतं. घरी आल्यावर साडेसात ते बारा हा मोठा तुकडा, खोलीत जाड गडद पडदे आणि फोन दुसऱ्या खोलीत. मग शाळेतून आलेल्या मुलाबरोबर दुपार, आणि पाळीला निघायच्या आधी दीड तासाचा दुसरा तुकडा. झोपेच्या आधीच्या सहा तासांत चहा-कॉफी नको, म्हणजे रात्री दीडनंतर कप भरायचा नाही. शनिवार-रविवारी पूर्णपणे रात्रीच्या झोपेवर उडी मारली की सोमवार मंगळवार वाया जातात. सुट्टीतही सकाळचे किमान चार तास त्याच वेळी झोपावं, म्हणजे शरीराचं घड्याळ धरून राहतं. आणि सकाळी पाळी संपवून पेंगत स्कूटर चालवू नका, कंपनीची गाडी घ्या.

घरी आल्यावरचा तास छोटाच असतो. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात १० ते १३ तास झोप लागते. सकाळी साडेसहाला उठायचं तर रात्री नऊला झोपायला हवं. आठला घरी पोचलात तर हातात एक तास. त्यात अभ्यासाची वही उघडू नका. पहिली पंधरा मिनिटं चप्पल काढून हातपाय धुऊन जमिनीवर बसा, मूल जे दाखवेल ते बघा. जेवण मऊ मुगाची खिचडी, कालची उसळ, पोळीभाजी केंद्रातल्या चार पोळ्या. विकतच्या पोळीने मुलाचं काही बिघडत नाही. ओट्यापाशी पाठ करून उभ्या असलेल्या, चिडलेल्या आईने बिघडतं.

एवढं सगळं बसवूनही मन उठत नसेल तर पुढचा भाग आहे, आणि त्यात वेळापत्रक पुरत नाही. कामाचा थकवा म्हणजे बर्नआउट, त्याला जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामाशी निगडित अवस्था म्हटलं, आजार नाही. नैराश्य हा आजार आहे. फरक ओळखायची एक साधी खूण: दोन रात्री पुरी झोप मिळाली, एक सुट्टी गेली, तरी आवडीच्या गोष्टीतही जीव लागत नाही. पहाटे तीन-चारला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. बाळ झोपलेलं असतानाही झोप येत नाही. मुलाला कोणीतरी दुसऱ्याने सांभाळलं तर बरं, आपण नालायक आहोत, असं वाटत राहतं. हे दोन आठवडे रोज टिकलं तर डॉक्टर गाठायचे. पुरुषांत याच आजाराचा चेहरा अनेकदा वेगळा असतो: चिडचिड, दारू वाढणं, ऑफिसात उशिरापर्यंत रेंगाळणं. बाळ झाल्यानंतर बाबांनाही नैराश्य येतं, हे अजून घराघरांत माहीत नाही.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रडू येणं, हळवं होणं हे बहुतेक आयांना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे राहिलं तर बाळंतपणानंतरचं नैराश्य चाचपणारी एडिनबर्ग प्रश्नावली उपयोगी पडते. १९८७ सालची, दहा प्रश्नांची, गेल्या सात दिवसांबद्दलची. एकूण गुण ३०. १३ किंवा जास्त आले तर तपासणी लवकर करून घ्यावी. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे, आणि त्याला ‘कधीच नाही’ सोडून कुठलंही उत्तर असेल तर बाकीचे गुण न बघता मदत घ्यायची. प्रश्नावली निदान करत नाही, ती फक्त दार दाखवते. सोबत हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या, कारण बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडू शकतं आणि ते अगदी नैराश्यासारखं दिसतं.

एक गोष्ट आया कोणालाच सांगत नाहीत. बाळ हातातून पडेल, सुरी लागेल, अशी भयानक चित्रं मनात अचानक येतात आणि त्या स्वतःच हादरतात. हे विचार पुष्कळ आयांना येतात. त्यांची भीती वाटते याचाच अर्थ ते आईला नको आहेत. डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावं, त्यावर उपचार आहेत. वेगळी आणि तातडीची अवस्था ती, जिथे आई दिवसेंदिवस झोपत नाही, न ऐकू येणारं ऐकू येतं, बाळाबद्दल विचित्र ठाम समजुती होतात. हजारातल्या एक-दोन बाळंतिणींना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत होतं. तेव्हा त्याच दिवशी हॉस्पिटल. बाळाजवळ तिला एकटं ठेवायचं नाही.

कुठे जायचं? १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत क्रमांक, २४ तास, मराठीत बोलता येतं. ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून मनाच्या आरोग्याचं काम करते. आणि १९०१ सालचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, त्याचा बाह्यरुग्ण विभाग तुमच्याआमच्यासाठीही आहे. ‘ठाण्याला पाठवा याला’ हे वाक्य मराठी घरांत इतकी वर्षं चेष्टेने बोललं गेलं की ठाण्यातच राहणारा माणूसही त्या फाटकातून आत जायला कचरतो. मुलांसमोर तरी ते बोलणं बंद करावं.

मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर, औषध तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या आणि मानसोपचार करतात, औषध देत नाहीत. समुपदेशक या शब्दामागे कोणतंही शिक्षण असू शकतं, म्हणून पदवी विचारायला लाजू नका. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, गोळ्यांचा त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच जाणवतो, आणि बरेच जण तिथेच सोडून देतात. अंगावर पाजत असाल तर ते आधीच सांगा, स्तनपानात चालणारी औषधं आहेत. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी चालू ठेवावी लागतात, आणि बंद करायची तर डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखीच वागणूक द्यायची आहे. पॉलिसीत बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च येतो का, ते वेगळं बघा. ऑफिसला कारण ‘वैद्यकीय’ एवढंच सांगितलं तरी चालतं.

पहिल्या भेटीला दोन आठवड्यांच्या झोपेच्या वेळा, चालू औषधं आणि रक्ताचे रिपोर्ट घेऊन जा. जोडीदाराने बरोबर जावं, बाळाला घेऊन बाहेर बसावं, आणि डॉक्टरांनी बोलावलं तर आत जाऊन त्याला घरात काय दिसतं तेवढंच सांगावं. निघताना पुढच्या भेटीची तारीख घ्या आणि घरी आल्यावर कालनिर्णयावर लिहा. त्याच चौकोनात, त्या संध्याकाळी पाळणाघरातून मुलाला कोण आणणार, त्याचं नाव.